एकाच प्रश्नाचं गाणं

काल समोरच्या निंबाला कुणीतरी झोका बांधला आणि माझं घरात बसणं अवघड झालं. झोका दिसला म्हणजे आखाजी आली. पंचांगात तिला अक्षय्य तृतीया म्हणतात आणि बाकीच्या महाराष्ट्रात त्या दिवशी लोक सोनं घ्यायला जातात. आमच्या खानदेशात सासरी गेलेल्या लेकी माहेरी येतात, झाडाझाडांना दोर लागतात आणि बाया गौराईची गाणी गातात. माझी खोली मेहरूणला, तलावाच्या मागच्या अंगाला. या दिवसांत जळगावचं ऊन माणसाला माणसात राहू देत नाही. सकाळीच नळाचं पाणी चटका देतं, दुपारी रस्ते ओस पडतात, तलावावरून येणारा वारासुद्धा गरमच. तरी मी आज उन्हात तलावाला एक चक्कर मारून आलो, परत येऊन गिटारची चांगली तार उतरवली, तीच पुन्हा चढवली, आणि ताक करायला घेतलं ते तसंच ठेवून हे लिहायला बसलो. धुळ्याहून माझ्या मित्राचा, योगेशचा, फोन येऊन गेलाय. "यंदा येतोस ना?" एवढंच त्याने विचारलं. मी "सांगतो" म्हटलं, आणि तेव्हापासून हे असं चाललंय.

मी गातो, गिटार वाजवतो, गाणी लिहितो. लिहितो अहिराणीत. या प्रकाराला काय म्हणायचं ते मला कधीच धड सांगता आलेलं नाही. इंग्रजी वर्तमानपत्रांनी 'सायकेडेलिक फोक-रॉक' म्हटलं, तर मीही मान हलवली. सोप्या भाषेत सांगायचं तर आवाज एका यंत्रातून फिरवून आणायचा, त्याचा प्रतिध्वनी त्याच्याच अंगावर सोडायचा, आणि एक सूर इतका वेळ धरून ठेवायचा की ऐकणाऱ्याला आपण कुठे बसलोय याचा विसर पडावा. वर जांभळे-हिरवे दिवे फिरत असतात. समोरची पोरंपोरी डोळे मिटून डोलतात. गाणं संपल्यावर त्यातलं कुणीतरी येऊन सांगतं की मला आज मी सापडलो. आनंद आहे, मी म्हणतो.

हा घुमणारा सूर कोणत्या परदेशी बँडकडून घेतला, असं मुलाखतीत हमखास विचारतात. मी "हंड्याकडून" म्हणतो आणि त्यांना तो विनोद वाटतो. माझं घर सोनगीरचं, तांबट गल्लीतलं. किल्ल्याच्या पायथ्याशी आमची आळी, आणि सकाळपासून दिवेलागणीपर्यंत आळीभर तांब्या-पितळेवर हातोडे पडत. एकटा हातोडा असला तर ठोका ऐकू येतो. चार-पाच घरांतले हातोडे एकदम चालले की ठोके हरवतात आणि मागे नुसता एक लांबलचक नाद उरतो. त्या नादात मी वाढलो, त्यातच अभ्यास केला, त्यातच झोपलो. शाळेत गेलो की कान रिकामे वाटत. आमच्या नानांचे, म्हणजे वडिलांचे, कान मात्र त्या नादाने गेले. सगळ्या तांबटांचे थोडेफार जातातच. नाना स्वतः ओरडून बोलतात आणि समोरचा पुटपुटतोय म्हणून चिडतात.

पहिल्यांदा गिटार घरी नेली तेव्हा नानांनी ती मांडीवर घेतली, पाठ वळवून पाहिली, बोटाच्या पेरानं टकटक वाजवली. मग सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात निकाल दिला, "पोकय शे! म्हनीसन वाजस." पोकळ आहे म्हणून वाजते. भांड्यांच्या माणसाच्या तोंडी यात टीका काहीच नव्हती, पण माझ्या मनात ते वाक्य रुतून बसलं ते बसलंच.

सगळं सुरू झालं जळगावला, कॉलेजच्या होस्टेलात. परीक्षेचे दिवस, म्हणजे हेच आखाजीचे दिवस. घरी झोके लागले असतील, मोठी बहीण अक्का आली असेल, खापरावर मांडे भाजले जात असतील, आणि मी तिसऱ्या मजल्यावरच्या तव्यासारख्या तापलेल्या खोलीत अकाउंट्सचं पुस्तक तोंडावर घेऊन पडलेलो. उन्हातून शहराकडे पाहिलं की घरं हलायची. तेव्हा एक ओळ आली, 'मन्हं गाव कोठे शे?' माझं गाव कुठे आहे. चाल लगेच बसली, कारण ती आमच्या आळीतल्या झोक्यांचीच होती. दुसरी ओळ काही सुचेना. पुढे सुचेल म्हणून मी जागा सोडली आणि तोवर तिथे गिटार वाजवत राहिलो. पुण्याला गेल्यावर ती जागा लोकांना आवडली. बंगळूरला अधिकच आवडली. गोव्यात एका टेकडीवर आम्ही ती जागा इतकी लांबवली की ढोलवाला मध्येच पाणी पिऊन आला. एका ओळीचं ते गाणं माझ्या नावावर चिकटलं. कुठेही जा, शेवटी तेच मागतात.

त्यातला शब्द कुणाला कळत होता म्हणता! बंगळूरला एका मुलीने फार आदराने विचारलं, "ही 'शी' कोण आहे?" आमचं साधं 'शे', म्हणजे 'आहे', तिने इंग्रजीतलं 'ती' म्हणून ऐकलं होतं. पुढे एका मासिकात कुणीतरी त्यावर पानभर लिहिलं की या गाण्यातली 'शी' म्हणजे आदिम स्त्रीतत्त्व असून कवी गावात तिला शोधतो आहे. आम्ही बँडवाले तो लेख मोठ्याने वाचून इतके हसलो की बसवाल्याने गाडी थांबवून काय झालं विचारलं. हसून झाल्यावर मात्र मला रात्रीचं जेवण गेलं नाही. मी खिडकीबाहेर पाहत होतो आणि मनात एकच विचार होता. ज्यांना शब्द कळत नाही त्यांना हे गाणं आवडतं. ज्यांना कळतो त्यांच्यापुढे मी ते कधी गायलोच नाही.

ही भीती मी इतकी वर्षं कुणाला सांगितली नव्हती, आता सांगतो. अहिराणीत गाणारा म्हणून माझं नाव झालं आणि अहिराणी बोलणाऱ्यांत मी एकही कार्यक्रम केला नव्हता. बोलावणी आली, मी तारखा नाहीत म्हणालो. पिकतं तिथे विकत नाही, असं म्हणून मित्रांत वेळ मारून नेली. खरी गोष्ट अशी की शब्द कळणारी माणसं समोर बसली, त्यांनी ते ऐकलं आणि ऐकून "बरं, मग?" असं म्हटलं, तर माझ्यापाशी काय उरणार होतं? धूर, दिवे आणि यंत्रातून फिरून येणारा आवाज एवढंच. पोकळ म्हणून वाजतं. तसं ठरलं असतं तर मला गिटार ठेवून द्यावी लागली असती. नुसतं बोलायला म्हणून सांगत नाही, मी तसं मनाशी ठरवूनच टाकलं होतं.

आणि तीन वर्षांपूर्वी, याच दिवसांत, योगेशला मी हो म्हणून बसलो. योगेश माझा शाळेतला मित्र, धुळ्यात फ्लेक्स छापण्याचं दुकान आहे त्याचं. सोनगीरला आखाजीच्या संध्याकाळी किल्ल्याखालच्या मैदानात कार्यक्रम करायचा म्हणाला. मला तेव्हा पुण्यात उबग आला होता, एका जागी ठरत नव्हतो, खोल्या बदलत होतो, बँडमधली माणसं बदलत होतो. तो फोनवर विचारतच राहिला आणि मी एकदाचं हो म्हटलं. "तुझ्या गाण्याच्या प्रकाराला काय लिहू?" "सायकेडेलिक फोक." मागे त्याचं मशीन घरघरत होतं. "हां हां, कळलं," म्हणाला.

पुण्याहून रेल्वेने चाळीसगावला उतरलो. अक्का तिथेच दिलेली. तिला घेऊन धुळ्याच्या पॅसेंजरने पुढे जायचं होतं. प्लॅटफॉर्मवर पत्र्याखाली ती पिशव्या मांडून बसली आणि मी या टोकापासून त्या टोकापर्यंत येरझारा घालायला लागलो. पुस्तकांचा स्टॉल बघितला, वजनाच्या काट्यावर उभा राहिलो, नळावर तोंड धुतलं, पुन्हा धुतलं. "तुन्हा पायले भिंगरी शे," अक्का म्हणाली, "बठ ना जराखा." बसलो, आणि उठलो.

गाडीत शेतं मागे जात होती, कपाशीची वाळली झाडं, पळाट्या, उपटून ढीग लावलेले, जमीन उघडी पडलेली आणि लांब पाणी असल्याचा भास. अक्काने डबा उघडून सांजोरी हातावर ठेवली. लग्नानंतर दर आखाजीला ती याच गाडीने येते. वर फळीवर ठेवलेल्या गिटारकडे पाहत तिने विचारलं, "तुन्हं गानं माले समजी का रे?"

"तुन्हीच भाषा शे ना, अक्का."

"भाषा मन्ही शे. गानं तुन्हं शे ना."

 ती सहज बोलली होती; लगेच तिने खिडकीबाहेर कुणाच्या तरी कोरड्या विहिरीकडे बोट दाखवून दुसरा विषय काढला. मी मात्र धुळे येईपर्यंत त्या दोन वाक्यांशी झटत राहिलो. याच बहिणीच्या झोक्याचे दोर धरून मी चाल शिकलो होतो. बाया दोन बाजूंना बसायच्या. एक बाजू गाण्यात विचारायची आणि दुसरी गाण्यातच उत्तर द्यायची, म्हणजे गौराई कुठून आली, कुणी आणली, काय जेवली. उत्तर नाही सुचलं तर त्या बाजूची टर उडवायची. अक्काची बाजू सहसा हरत नसे.

सोनगीरच्या फाट्यावर एसटीतून उतरलो आणि समोर माझा भला मोठा फोटो. खाली लाल अक्षरांत छापलेलं, 'गावचे सुपुत्र, सुप्रसिद्ध सायकल फोक गायक'. मी फ्लेक्सकडे पाहतोय तोवर पानटपरीवरच्या एका आबांनी हटकलं, "भाऊ, कितला दिन चालनार शे?"

"एकच दिवस आहे, आबा. संध्याकाळी."

"एकच दिन? मंग कसाना सायकलवाला!"

आमच्या लहानपणी गावात सायकलवाला यायचा. चौकात गोल आखायचा आणि कित्येक दिवस पाय जमिनीला न टेकवता त्या गोलात फिरत राहायचा. जेवण सायकलवर, अंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. भोंग्यावर दिवसभर सिनेमाची गाणी. शेवटच्या दिवशी गावकरी त्याला हाताला धरून उतरवत, हार घालत, आणि त्याचे पाय जमिनीवर लटपटत. सगळ्या गावाची समजूत झाली होती की तांबटाचा मुलगा शहरात जाऊन आता सायकलवर बसून गातो. मुलांनी मैदानात चुन्याने गोल आखूनही ठेवला होता. मी योगेशवर भडकलो. "तूच तर फोनवर म्हणाला, सायकल-काहीतरी," तो म्हणाला, "अर्धं ऐकू आलं, अर्धं समजून घेतलं. आणि गर्दी बघ ना किती व्हायची आहे!" चिडूनही हसू आलं. नंतर नानांच्या ओसरीवर पाणी पिताना जाणवलं की त्याने फारसं खोटं छापलेलं नाही. वीस-एक वर्षं मी त्याच गोलात फिरत होतो आणि पाय टेकायची माझी हिंमत नव्हती.

संध्याकाळी ऊन किल्ल्याच्या मागे गेलं तरी जमीन वाफा सोडतच होती. मैदान भरलं. एका बाजूला पुरुष, एका बाजूला बाया, माहेरवाशिणी नव्या लुगड्यांत, मेंदीच्या हातांनी पदर हलवून वारा घेत होत्या. अगदी पुढे खुर्चीवर नाना, स्पीकरच्या तोंडाशी, कारण त्यांना तिथूनच काही ऐकू येण्याची आशा. बाया उजवीकडे, त्यांच्यात अक्का. सायकल कुठे दिसेना म्हणून मागे थोडी कुजबुज झाली. मी गिटार लावली.  घोडामैदान जवळ आलं, असं मनाशी म्हणून मी पहिल्यांदा ते एकच गाणं घेतलं. इतर गाण्यांमागे लपायचं नाही, एवढं मी गाडीतच ठरवलं होतं.

सूर धरला. आवाज फिरून आला, किल्ल्यावर आपटून आणखी एकदा आला. हे मात्र कोणत्याही यंत्राला जमलं नसतं.  मी डोळे मिटले आणि विचारलं, "मन्हं गाव कोठे शे?" तार घुमली. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा समोरून नानांचा आवाज आला, ठणठणीत, हातोड्यावर मात करायची सवय असलेला.

"अरे अठेच शे ना! काय धुंडी ऱ्हायना? तांबट गल्लीम्हा, डावा हातले!"

सगळं मैदान हसलं. पुरुष हसले, बाया पदर तोंडाला लावून हसल्या, योगेश तर खांबाला धरून हसत होता. नाना हसत नव्हते. ते माझ्याकडे काळजीने पाहत होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना माझ्या गाण्यातले शब्द ऐकू आले होते आणि मुलाला घर सापडत नाही असं त्यांना खरोखर वाटलं होतं. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात, तो सगळ्यांसमोर माझ्या काखेतून काढून दाखवला गेला. माझा हात तारांवर थांबला. प्रतिध्वनी थोडा वेळ फिरला आणि विरला. संपलं, असं मला अगदी स्पष्ट वाटलं.  गिटारचा पट्टा उतरवायला मी खांद्याकडे हातही नेला.

तेवढ्यात बायांच्या बाजूने अक्का म्हणाली, "थांबना काबरं? नानानी जवाब दिधा ना. पुढलं इचार!"

थांबलास का म्हणून विचारणाऱ्या तिच्या आवाजात चेष्टा नव्हती. झोक्यावर बसल्यावर असायचा तसाच खेळात असलेल्या माणसाचा आवाज होता. बाकीच्या बायाही वाट पाहत होत्या. विचारलंय, उत्तर मिळालंय, आता याची पाळी. त्यांच्या लेखी गाणं बंद पडलंच नव्हतं, आत्ताशी सुरू झालं होतं. आणि माझ्यापाशी पुढचं काही नव्हतं. इतक्या गावांत, इतक्या शहरांत मी तो प्रश्न विचारला, लोक डोळे मिटून डोलले, पण उत्तर कुणी दिलं नाही, आणि म्हणून दुसरा प्रश्न मला कधी लागलाच नाही.

मी अक्काकडे पाहिलं. ती पिशव्या घेऊन चाळीसगावच्या प्लॅटफॉर्मवर बसलेली आठवली. परवा ती पुन्हा त्याच गाडीने उलटी जाणार होती. तिकडे गेली की तिला सोनगीरची म्हणतात, इकडे आली की चाळीसगावची. तार न छेडता, त्याच चालीत, मी विचारलं.

"अक्का, तुन्हं गाव कोठे शे?"

आधी कुणीतरी हसायला सुरुवात केली आणि मध्येच थांबलं.  बायांच्या बाजूला पदर हलायचे थांबले. एक नवी माहेरवाशीण पायाच्या अंगठ्याने माती उकरायला लागली. नाना मागे वळून शेजाऱ्याला विचारत होते, काय म्हणाला, काय म्हणाला, आणि शेजारी त्यांना सांगत नव्हता.

 अक्का हळू आवाजात, पण मैदानात सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "हाई माले आजलोंग कोन्ही इचारंच नही."

 ती उठून उभी राहिली, पदर नीट केला, आणि विचारलं,

"गाईसन सांगू, का बोलीसन?"

"जसं येई तसं, अक्का," मी म्हणालो, आणि तिला ऐकायला खाली जमिनीवर बसलो.